पडद्यावर एक आकडा, छातीत दोन फुप्फुसं : व्हेंटिलेटरवरच्या नवजात बाळात हवा सगळीकडे सारखी पोचते का, हे कसं मोजावं

वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांना ठिबक येण्याआधी दांडानं पाणी द्यायचे. मोटर सुरू झाली की विहिरीतून किती पाणी निघतंय याचा अंदाज पाइपाच्या तोंडाशी उभं राहून यायचा. पण टोकाच्या आळ्यात ते पोचलं की जवळच्या चार झाडांच्या बुडाशीच तुंबलं, हे बघायला बागेत चालतच जावं लागायचं. व्हेंटिलेटरच्या पडद्यावरचा टायडल व्हॉल्यूमचा, म्हणजे एका श्वासात ये-जा करणाऱ्या हवेचा, आकडा म्हणजे पाइपाच्या तोंडाशी मोजलेलं पाणी. तो खरा असतो, पण आळ्यांबद्दल काहीच सांगत नाही.

विदर्भातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात किंवा ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी हे लिहिते आहे. महागडी यंत्रं फार थोड्या ठिकाणी आहेत, हे धरूनच लिहिते. म्हणून क्रम असा ठेवलाय : आधी हाताशी असलेल्या साधनांनी काय मोजता येतं ते, आणि मग वॉशआउट (खुणेचा वायू भरून फुप्फुस विसळणं) आणि छातीला बांधायच्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्याची तपासणी.

हा विषय मला का लागला, ते आधी सांगते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत, एका रात्रपाळीत, १२०० ग्रॅमचं बाळ माझ्याकडे होतं. टायडल व्हॉल्यूम ६ मिली, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) ९३, मिनिट व्हॉल्यूम (मिनिटभरातली एकूण हवा) ठीक. सगळे आकडे सरळ, म्हणून मी निर्धास्त. सकाळी एक्स-रे बघितला तर श्वासाची ट्यूब उजव्या फुप्फुसाकडच्या फाट्यात गेलेली आणि डावं फुप्फुस पांढरंफट. रात्रभर दोघांच्या वाटची हवा एकटं उजवं फुप्फुस घेत होतं. ट्यूब सेंटीमीटरभर मागे घेतली, दोन दिवसांत डावी बाजू उघडली, बाळ पुढे घरी गेलं. पण त्या रात्री मी छातीवर कान ठेवला असता तर ते दोन दिवस लागलेच नसते. ती चूक माझी होती.

असमान म्हणजे नेमकं काय

नवजात बाळाच्या फुप्फुसात तीन प्रकारचे भाग शेजारीशेजारी असू शकतात. काही वायुकोश मिटलेले असतात, त्यांत हवा जातच नाही. कमी दिवसांच्या बाळात सर्फॅक्टंट, म्हणजे वायुकोश उघडे ठेवणारा आतला थर, कमी असल्यानं हे होतं. काही भाग संथ असतात, म्हणजे हवा जाते पण उशिरा आणि निघतेही उशिरा. तिसरे फुगून बसलेले. मेकोनियमचा (बाळाच्या पहिल्या शीचा) तुकडा नळीत अर्धवट अडकला तर आत येताना वाट मिळते, बाहेर जाताना बंद होते, आणि मागचा भाग फुगत जातो. एकाच छातीत हे तिन्ही सापडतात.

याचा तोटा फक्त ऑक्सिजन कमी पडण्याचा नाही. समजा आपण किलोला ५ मिली हवा देतोय आणि निम्मं फुप्फुस मिटलेलं आहे. मग उघड्या निम्म्या भागाला किलोला १० मिलीच्या हिशेबानं ताण बसतो. कागदावर आपण जपून देतोय आणि आत अर्धं फुप्फुस ताणलं जातंय. महिनाभर ऑक्सिजनवर अडकलेल्या बाळांच्या फुप्फुसाच्या जुनाट आजारात या ताणाचा वाटा मोठा असतो. मोजायचं ते यासाठी.

मोजण्याआधीची तयारी

नवे लोक ही पायरी घाईनं उरकतात. माझ्या मते निम्मं काम इथेच असतं, कारण तयारी चुकली तर पुढचं प्रत्येक मोजमाप फुप्फुसाचं नाही, ट्यूबचं होतं.

ट्यूबची खोली बघा. ओठापाशी किती सेंटीमीटर, याचा ढोबळ नियम म्हणजे वजनाचे किलो अधिक ६. १ किलोला ७, २ किलोला ८, ३ किलोला ९. पाऊण किलोच्या आसपासच्या बाळात हा नियम ट्यूब खोल नेतो, तेव्हा तिथे एक्स-रेशिवाय विश्वास ठेवू नका. एक्स-रेत टोक पहिल्या-दुसऱ्या वक्ष मणक्याच्या पातळीला हवं. आणि मान कशी होती हेही लिहा. हनुवटी छातीकडे झुकली की ट्यूबचं टोक खाली सरकतं, मान मागे गेली की वर येतं. एवढ्याशा बाळात श्वासनलिका इतकी आखूड असते की हा फरक ट्यूब एका फुप्फुसात घालायला पुरतो.

मग गळती. नवजात बाळाला आपण बहुधा बिनफुग्याची ट्यूब घालतो, त्यामुळे थोडी हवा ट्यूबच्या बाजूनं निसटते. आत गेलेल्या व्हॉल्यूममधून बाहेर आलेलं वजा करा, आत गेलेल्यानं भागा, शंभरानं गुणा. ८ मिली गेले आणि ६ आले, तर गळती २५ टक्के. माझा स्वतःचा दंडक असा की १० टक्क्यांवर गळती असेल तर वॉशआउट करत नाही. डोक्याची स्थिती बदलून गळती कमी होते का बघायचं, एवढंच. गळा दाबून गळती थांबवण्याचा प्रकार कुठे बघितलात तर तिथल्या तिथे थांबवा.

फ्लो (हवेचा प्रवाह) मोजणारा सेन्सर वाय-पीसपाशी, म्हणजे व्हेंटिलेटरच्या दोन नळ्या जुळतात तिथे, ट्यूबच्या अगदी जवळ लागतो. त्यात पाण्याचा एक थेंब जमला तरी आकडे बिघडतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आत एसी जोरात लावलेला असतो, आणि त्याचा झोत व्हेंटिलेटरच्या नळ्यांवर आला की ३७ अंशांची दमट हवा नळीतच थंड होऊन पाणी साचतं. झोताची दिशा बदला, नळ्या बाळाकडून खाली उतरत्या ठेवा, साचलेलं पाणी काढा आणि सेन्सर पुन्हा शून्यावर आणा.

डेड स्पेसचा, म्हणजे वायुकोशांपर्यंत न पोचता वाटेतच ये-जा करणाऱ्या हवेचा, हिशेब मोठ्या माणसात एवढा काटेकोर लागत नाही. ५०० मिलीच्या श्वासात १ मिली कुठे गेला ते कळतही नाही. पण १ किलोच्या बाळाचा अख्खा श्वासच ५ मिलीचा. सेन्सर, जोडणी, कार्बन डायऑक्साइडचा अडॅप्टर असं एकापुढे एक लावत गेलात तर बाळाच्या श्वासातला मोठा हिस्सा प्लास्टिकमध्येच ये-जा करतो. जे लागत नाही ते काढा, आणि जे लावलं त्याची नोंद करा.

सक्शन (ट्यूबमधला चिकटा ओढून काढणं) लागत असेल तर आधी करून घ्या आणि बाळ पूर्ववत होईपर्यंत थांबा. बाळ रडत, चुळबुळत असेल तर त्या वेळचा आकडा घेऊ नका. दूध पाजल्या पाजल्या मोजू नका.

डोळे, कान आणि उजेड

पलंगाच्या पायथ्याशी, बाळाच्या छातीच्या पातळीला डोळे आणून उभे राहा. दोन्ही बाजू एकाच वेळी आणि सारख्याच उचलल्या जातात का बघा. स्टेथोस्कोप बगलेत लावा, पुढून नको, कारण छाती इतकी लहान असते की एका बाजूचा आवाज पुढून दुसरीकडेही ऐकू येतो. एक बाजू अचानक शांत झाली आणि बाळ बिघडलं तर खोलीत अंधार करून थंड प्रकाशाचा दिवा छातीला लावा. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) असेल तर ती बाजू कंदिलासारखी उजळते.

हे मोजमाप नव्हे असं म्हणणारे भेटतील. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं निरक्षर दाईंना श्वास मोजता यावा म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं साधन बनवलं होतं. मणी सरकवत जायचं आणि वाळू संपली की बघायचं. नीट ठरवलेल्या पद्धतीनं, दर वेळी तसंच केलं की ते मोजमापच. उजवी बाजू किती आणि डावी किती, हे रोज एकाच खुणेनं लिहा. मी शून्य, एक, दोन अशा तीन पायऱ्या वापरते.

व्हेंटिलेटरच्या रेघा वाचणं

फुप्फुसाचा कुठलाही भाग किती वेळात भरतो-रिकामा होतो, हे दोन गोष्टींवर ठरतं : तो किती सैल आहे आणि त्याची वाट किती अरुंद आहे. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे टाइम कॉन्स्टंट. असे तीन काळ गेले की ९५ टक्के हवा बाहेर पडलेली असते.

कागदावर एक बाळ मांडू. फुप्फुसाचा एक भाग कडक आहे, दर सेंमी पाण्याच्या दाबाला ०.५ मिली घेतो, आणि अडथळा ८०, म्हणजे सेकंदाला लिटरभर हवा ढकलायला ८० सेंमी दाब लागतो. मिलीचे लिटर करून गुणाकार ०.०४ सेकंद, तिप्पट ०.१२. दुसरा भाग सैल आहे, १.५ मिली घेतो, पण वाट चिकट झालेली, अडथळा १५०. गुणाकार ०.२२५, तिप्पट जवळजवळ ०.६८ सेकंद. आता आपण बाळाला श्वास सोडायला ०.४ सेकंद दिले. पहिला भाग केव्हाच रिकामा झाला. दुसऱ्यात आलेल्या हवेचा साधारण सहावा हिस्सा अजून आत आहे आणि पुढचा श्वास येऊन आदळला. पडद्यावर टायडल व्हॉल्यूम स्थिर, पण दुसरा भाग हळूहळू फुगतोय.

हे रेघेत दिसतं. फ्लो-वेळेच्या आलेखात श्वास सोडतानाची रेघ शून्याला टेकण्याआधीच पुढचा श्वास सुरू होत असेल, तर कुठे तरी हवा अडकतेय. आणि ती रेघ आधी झपकन खाली येऊन मग लांब शेपूट काढत रेंगाळत असेल, तर आत एक झटपट आणि एक संथ असे दोन भाग असावेत. रेट कमी करून श्वास सोडायचा वेळ वाढवा आणि शेपूट पूर्ण होते का बघा. बदल वरिष्ठांना विचारून करा, पण रेघ बघायला कुणाची परवानगी लागत नाही. दर पाळीत एकदा बघा.

श्वासाच्या शेवटच्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख मोठ्या माणसात असमानता छान दाखवतो. नवजात बाळ इतक्या वेगानं श्वास घेतं की सपाट पठार तयारच होत नाही, म्हणून त्यावर मी फारसा भर देत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणि श्वासातला यांच्यातलं अंतर वाढतंय का, एवढं मात्र जरूर बघा.

ऑक्सिजनच्या पायऱ्या : गरिबाघरची उत्तम तपासणी

मला सगळ्यात आवडणारी पद्धत हीच, कारण हिला पल्स ऑक्सिमीटर, ब्लेंडर (हवेत ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारं यंत्र) आणि एक चौकटीचा कागद एवढंच लागतं. तीही फक्त स्थिर बाळात आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीत करायची.

सेन्सर उजव्या हाताला लावा, म्हणजे डक्टसच्या (जन्माआधी फुप्फुसाला वळसा घालणाऱ्या रक्तवाहिनीच्या) आधीचं रक्त मोजलं जातं. आत्ताचा ऑक्सिजन आणि सॅच्युरेशन लिहा. ऑक्सिजन दोन ते पाच टक्क्यांनी बदला, पाच मिनिटं थांबा, आकडा स्थिरावला की लिहा. कमी दिवसांच्या बाळात वर ९५ च्या पलीकडे जाऊ नका, डोळ्याच्या पडद्याला धोका असतो. खाली मी ८६ ला थांबते. तीन-चार ठिपके मिळाले तरी पुरे. आडव्या रेघेवर ऑक्सिजन, उभ्या रेघेवर सॅच्युरेशन.

आता ठिपके बघा. एका बाळात ३० टक्क्यांवर ९५, २६ वर ९२, २३ वर ८८ आले. रेघ खडी आहे, पण निरोगी बाळाच्या रेघेपेक्षा उजवीकडे सरकलेली. म्हणजे हवा सगळीकडे पोचतेय, पण काही भागांत रक्ताच्या मानानं कमी. थोडा जास्त ऑक्सिजन दिला की ते भरून निघतं. दुसऱ्या बाळात, मधल्या पायऱ्या गाळून सांगते, ६० टक्क्यांवर ९१, ५० वर ९०, ४० वर ८९. ऑक्सिजन कितीही वाढवला तरी रेघ आडवीच. इथे रक्त हवेला न भेटताच पुढे जातंय. एक तर मिटलेले वायुकोश, नाही तर हृदयातून वळलेली वाट. पहिल्या बाळाला वेळ आणि स्थिती लागेल. दुसऱ्याला मिटलेलं फुप्फुस उघडणं लागेल, किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल. दोघांच्या पडद्यावर सॅच्युरेशन ९१-९२ असंच दिसत असतं.

दोन सावधगिऱ्या. बाळाला रक्त चढवलं असेल तर आधीच्या आणि नंतरच्या रेघा एकमेकींशी ताडू नका, कारण मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वेगळ्या रीतीनं धरतं. आणि तुम्ही चिखलदऱ्यासारख्या उंच जागी असाल, तर साधारण १,१०० मीटरवर हवेचा दाबच कमी असतो. तिथलं २१ टक्के आणि वर्धेचं २१ टक्के एक नव्हे. उंचीवरून खाली पाठवलेल्या बाळाची रेघ आपोआप सुधारलेली दिसते, ती फुप्फुसाची सुधारणा नसते.

सोनोग्राफी

प्रत्येक बाजूचे तीन भाग करा : पुढचा वरचा, पुढचा खालचा आणि बाजूचा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आडव्या समांतर रेषा दिसल्या तर शून्य. वरून खाली येणाऱ्या तीन किंवा जास्त सुट्या रेषा असतील तर एक. त्या दाटून एकमेकींत मिसळल्या तर दोन. भाग घट्ट मांसासारखा दिसला तर तीन. सहा भागांचे मिळून १८ गुण. सर्फॅक्टंट द्यावं का हे ठरवायला एकूण गुण उपयोगी पडतात, पण असमानतेसाठी मी डावी-उजवी बेरीज वेगळी लिहिते. एकूण ९ मध्ये ८ आणि १ असे असू शकतात, आणि ५ आणि ४ असेही.

सोनोग्राफीतून कुठे हवा आहे ते कळतं, प्रत्येक श्वासाला ती हलते का ते नीट कळत नाही. आणि आपल्याकडची एक गोष्ट विसरू नका : यंत्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली त्या जागेसाठी नोंदलेलं हवं आणि वापरणाऱ्याचं नावही नोंदीत हवं. मशीन दुसऱ्या वॉर्डातून सहज आणलं असं करू नका.

वॉशआउट : ताकाचं भांडं विसळणं

ताकाचं भांडं विसळताना तळ गुळगुळीत असेल तर दोन-तीन पाण्यांत ते स्वच्छ निघतं. कान, खाचा, पोचे असले तर पाणी घालत राहावं लागतं आणि तरी पांढरट निघत राहतं. वॉशआउटची सगळी कल्पना एवढीच आहे. फुप्फुसात एक खुणेचा वायू मिसळायचा, मग तो बंद करायचा आणि किती हवेनं विसळल्यावर तो निघून जातो ते मोजायचं.

खुणेचा वायू म्हणून सल्फर हेक्साफ्लोराइड साधारण ४ टक्के वापरतात. शरीरात तो जवळजवळ विरघळत नाही. मोठ्या मुलांत १०० टक्के ऑक्सिजन देऊन नायट्रोजन विसळतात. नवजात बाळात तो मार्ग मला मान्य नाही. शुद्ध ऑक्सिजननं डोळ्यांना धोका, शिवाय नायट्रोजन निघून गेला की आधीच अशक्त वायुकोश मिटायला लागतात. म्हणजे मोजता मोजताच आपण असमानता वाढवतो. सल्फर हेक्साफ्लोराइडलाही एक बाजू आहे : वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या २० हजार पटींहून भारी आहे. बाहेर सोडताना किती सोडतोय याचा विचार ठेवा.

कृती अशी. फ्लो आणि वायूचं प्रमाण एकाच वेळी मोजणारा सेन्सर ट्यूबपाशी लावा. व्हेंटिलेटरच्या आत येणाऱ्या हवेत खुणेचा वायू मिसळत ठेवा, आत जाणारं आणि बाहेर येणारं प्रमाण एक झालं की भरणं पूर्ण. श्वास सोडत असताना वायू बंद करा. मग बाहेर येणाऱ्या प्रत्येक श्वासातलं प्रमाण बघत राहा. ते सुरुवातीच्या चाळिसाव्या हिश्शावर आलं की थांबा. ४ टक्क्यांपासून सुरू केलं तर ०.१ टक्क्यावर.

आता दोन आकडे काढायचे. पहिला एफआरसी, म्हणजे श्वास सोडल्यावर आत उरलेली हवा. बाहेर आलेला खुणेचा वायू एकूण १.१७ मिली भरला, प्रमाण ४ वरून ०.१ वर आलं, म्हणजे ३.९ टक्क्यांचा फरक. १.१७ भागिले ०.०३९, उत्तर ३० मिली. दीड किलोच्या बाळाला हे किलोला २० मिली. दुसरा लंग क्लिअरन्स इंडेक्स. तिथवर पोचायला बाळानं एकूण २७० मिली हवा बाहेर टाकली. २७० भागिले ३०, उत्तर ९. म्हणजे फुप्फुसाचं भांडं नऊ वेळा भरेल एवढ्या हवेनं ते विसळावं लागलं. निरोगी मुलांत हा आकडा सहा-सातच्या आसपास असतो, तान्ह्यांत थोडा वर.

इथे घाई करून 'नऊ म्हणजे आजारी' असं लिहू नका. मघाचाच डेड स्पेस आता परत येतो. हेच बाळ, ३० मिलीचं भांडं, ७.५ मिलीचा श्वास, आणि फुप्फुस अगदी समान आहे असं धरा. सगळा श्वास कामाला आला तर गणितानं सुमारे १७ श्वासांत विसळून होतं आणि इंडेक्स ४ च्या थोडा वर येतो. पण त्यातले ४ मिली नळ्यांत आणि प्लास्टिकमध्येच वाया गेले आणि ३.५ मिलीच आत पोचले, तर सुमारे ३३ श्वास लागतात आणि इंडेक्स ८ च्या पुढे जातो. फुप्फुसात तीळभर असमानता नसताना आकडा दुप्पट झाला. म्हणून नवजात बाळात दोन बाळांचे इंडेक्स ताडण्यापेक्षा त्याच बाळाचा, तीच ट्यूब, तीच जोडणी, तोच टायडल व्हॉल्यूम ठेवून आधीचा आणि नंतरचा इंडेक्स ताडावा. आणि एका मोजणीवर थांबू नका. तीन घ्या, जमतील तितक्या मिळत्याजुळत्या.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. पूर्ण मिटलेल्या भागात खुणेचा वायू जातच नाही, त्यामुळे विसळताना तो दिसतही नाही. इंडेक्स चांगला आणि एफआरसी लहान, असं आलं तर खूश होऊ नका. भांड्याचा तेवढाच भाग आपण विसळला जो उघडा होता. दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहायचे ते याचसाठी.

पट्ट्याची तपासणी

इलेक्ट्रिकल इम्पिडन्स टोमोग्राफीत छातीभोवती १६ किंवा ३२ इलेक्ट्रोडचा मऊ पट्टा बांधतात, स्तनाग्रांच्या पातळीला. दोन इलेक्ट्रोडमधून अगदी बारीक प्रवाह सोडतात, बाकीच्यांवर व्होल्टेज मोजतात, आणि हे चक्र फिरत राहतं. हवा वीज वाहू देत नाही, म्हणून ज्या भागात हवा भरली तिथला अडथळा वाढतो. सेकंदाला अनेक चित्रं मिळतात. विसळण्यातून 'किती असमान' कळतं, पट्ट्यातून 'कुठे' ते कळतं.

पट्टा बघून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. एका आजीनं मला विचारलं होतं, "बाई, माह्या नातवाले हे करंट तं नाई लागत?" मी म्हटलं, "नाही आजी, त्याला कळतही नाही इतका कमी आहे. झोपेतून उठतो का बघा." आजी पूर्ण वेळ त्याच्या पापण्यांकडे बघत बसल्या, तो उठला नाही. हे बोलणं आधी करा, पट्टा हातात घेण्याच्या आधी. मेळघाटातून आलेली आई कोरकू बोलत असेल, गडचिरोलीची गोंडी किंवा माडिया, तर तिच्या भाषेत सांगणारी आशाताई किंवा नातलग शोधा. वॉशआउट आणि पट्टा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी संशोधनाचा भाग म्हणूनच होतो. तेव्हा नैतिकता समितीची परवानगी आणि समजून दिलेली लेखी संमती हवीच, आणि सही झाली म्हणजे समजलं असं धरायचं नाही.

पट्ट्याचा आकार छातीच्या घेरावरून निवडा. कमी दिवसांच्या बाळाची कातडी ओल्या कागदासारखी असते. पट्टा घट्ट नको, तासातासाला खाली बघा. सगळे इलेक्ट्रोड टेकलेत अशी खूण आल्यावर निदान ३० सेकंदांचा शांत तुकडा नोंदवा.

वाचायचं कसं? पडद्यावर रंग दिसतात, पण रंगांवर न भुलता आकडा काढा. समजण्यापुरते चार खाने घेऊ. एका बाळात प्रत्येक श्वासाला चारही खान्यांत १०, १०, १०, १० एवढा बदल. दुसऱ्यात १८, १४, ६, २. दोघांची बेरीज ४०, म्हणजे टायडल व्हॉल्यूम एकच. आता मधला आकडा घ्या, तो दोन्हीकडे १०. प्रत्येक खाना त्यापासून किती लांब, ते जोडा. पहिल्यात शून्य. दुसऱ्यात ८, ४, ४, ८, म्हणजे २४. भागिले ४०, उत्तर ०.६. यालाच ग्लोबल इनहोमोजिनिटी इंडेक्स म्हणतात. यंत्र हेच शेकडो खान्यांवर करतं. पाइपाच्या तोंडाशी दोन्ही बागा सारख्या दिसत होत्या, फरक आळ्यांत होता.

उजवं फुप्फुस मोठं असल्यानं उजवीकडचा वाटा थोडा जास्त येणं स्वाभाविक आहे, त्याला आजार म्हणू नका. हवेचं केंद्र पुढे आहे की मागे, हेही बघा. मोठ्या माणसात खालच्या बाजूच्या फुप्फुसाला जास्त हवा मिळते, म्हणून चांगलं फुप्फुस खाली ठेवा असं शिकवतात. तान्ह्यांत जुन्या अभ्यासांनी उलट दाखवलं होतं, पट्ट्याच्या अभ्यासांत चित्र एवढं सरळ निघालं नाही. तेव्हा नियम पाठ करून बाळ वळवू नका. आधी मोजा, कूस बदला, तोच पट्टा त्याच जागी ठेवून पुन्हा मोजा, आणि त्या बाळाला काय मानवतं ते त्यालाच सांगू द्या. पट्टा वर-खाली सरकला तर तुलना संपली, कारण तो छातीचा एकच काप बघतो.

आकडे जुळवणं आणि नोंद

पद्धती एकमेकींशी भांडतात तेव्हा घाबरू नका, त्यातच खरी माहिती असते. ऑक्सिजनची रेघ आडवी, एफआरसी लहान, सोनोग्राफीत एखादा भाग घट्ट : मिटलेलं फुप्फुस आहे, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) आणि सर्फॅक्टंटबद्दल वरिष्ठांशी बोला. फ्लोच्या रेघेला लांब शेपूट, क्लिअरन्स इंडेक्स मोठा, एफआरसी मोठा : हवा अडकतेय, वेळ द्या. ऑक्सिजनची रेघ आडवी पण फुप्फुसाची बाकी सगळी मोजमापं चांगली : हृदयाकडे बघा. आणि सगळं एका बाजूला झुकलेलं असेल तर कुठलंही निदान करण्याआधी ट्यूबचा सेंटीमीटर पुन्हा वाचा.

नोंदवहीच्या पानावर आकड्याआधी हे लिहा : वेळ, वजन, ट्यूबचा नंबर आणि ओठापाशीची खूण, मानेची स्थिती, बाळ कुठल्या कुशीवर, गळतीचा टक्का, सेन्सर कोणता, टायडल व्हॉल्यूम, पीप, रेट, ऑक्सिजन, शेवटचं सक्शन केव्हा, झोपेत की जागं. मग आकडे. मोजणी संपली की ऑक्सिजन आणि रेट आधी होते तिथे आणा, मोजण्यासाठी लावलेले जादा तुकडे काढा, पट्ट्याखालची कातडी बघा. मोजताना अलार्मच्या मर्यादा सैल केल्या असतील तर त्या परत घट्ट करा आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरना तोंडी सांगूनच पलंगापासून हला.